नऊ नंबरचा ढीग

खैरमोडी हे गाव आता कुठे आहे असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर असं होतं, की ते डंपाच्या अंगावर पसरलेलं आहे आणि थोडं अजून ढिगात आहे. घरं गेली, विहिरी गेल्या, देऊळ गेलं आणि त्या जागी साठ मीटर खोल खड्डा झाला. खड्ड्यातला कोळसाही कधीच जळून गेला, त्याची वीज कुठल्या कुठे लोकांच्या पंख्यांत फिरून संपली. गावची वावरं तेवढी शिल्लक होती. म्हणजे वावरांचा वरचा हातभर थर. खाण सुरू करण्याआधी तो खरवडून बाजूला ठेवायचा आणि खाण संपली की परत पसरायचा, असा नियम. अडतीस वर्षांपूर्वी काढलेली ती काळी माती तारेच्या कुंपणात अकरा ढीग करून ठेवली होती.

ढीग म्हणजे डोंगर नव्हेत. माती उंच रचली की तिच्या पोटात हवा जात नाही आणि ती मरते, म्हणून एकेक ढीग जेमतेम पुरुषभर उंच आणि लांबच लांब. दरवर्षी त्यावर ताग नाहीतर धैंचा पेरायचा, फुलावर आला की कापून तिथेच कुजवायचा. गेली एकवीस वर्षं हे काम प्रणाली उरकुडे करत होती. हुद्दा 'माती-पाणी अधिकारी' असा भारदस्त होता, पण पुनर्वसनाच्या नव्या खैरमोडीतल्या म्हाताऱ्या तिला 'मातीवाली'च म्हणत, आणि तिलाही हुद्द्यापेक्षा ते नाव बरं वाटे. गाव उठलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. ट्रॉलीत सामानावर बसून जाताना आपण मागे वळून पाहिलं नाही, पुढे नवीन शाळा कशी असेल तेच डोक्यात होतं, याचं तिला आजही वाईट वाटत असे.

खड्ड्यातून निघालेला दगड-मुरूम टाकत टाकत खाणवाल्यांनी सत्तर मीटर उंच टेकडी उभी केली होती. तिलाच सगळे डंप म्हणत. तिच्या तीन बाजू प्रणालीने मातीने झाकून हिरव्या केल्या होत्या आणि त्यात दहा ढीग संपले होते. राहिली होती उत्तर बाजू, आणि नेमकी तीच नव्या खैरमोडीच्या वस्तीच्या डोक्यावर होती. उघड्या डंपावर पडलेलं पाणी मुरत नाही, धावत सुटतं. गेल्या पावसाळ्यात पायथ्याची नाली गाळाने बुजली, काळपट पाणी वस्तीतल्या सहा विहिरींत शिरलं आणि दोन घरांच्या भिंती बसल्या. त्यामुळे या उन्हाळ्यात काहीही करून उत्तर उतार झाकायचा होता. उताराला पायऱ्या पाडून झाल्या होत्या. प्रत्येक पायरी आतल्या अंगाला किंचित कललेली, म्हणजे पाण्याने कडेवरून उडी न मारता आत वळावं, नालीतून चालत जावं आणि दगडी सांडव्याने पायथ्याच्या बोडीत उतरावं. बोडी म्हणजे लहानसं तळं. गाळ तिथे खाली बसणार आणि निवळलेलं पाणी नाल्याला जाणार. फक्त ती बोडी तळातून झिरपत होती, आणि वर पसरायला एकच ढीग उरला होता, नऊ नंबरचा.

तो शेवटी उरला होता असं नाही, प्रणालीने तो मुद्दाम राखला होता. नऊ नंबर म्हणजे उरकुड्यांचं वावर. तिच्या वडिलांचं, पुंडलिकचं. जमीन घेतली तेव्हा बदल्यात त्याला खाणीत नोकरी मिळाली. डोझर चालवायला शिकवलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात खैरमोडीची वावरं खरवडायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. आपलं वावर त्याने आपल्या हाताने काढलं. इतर ढिगांच्या दुप्पट तो ढीग झाला होता. 'पुंडलिकच्या जमिनीत मातीच लय,' असं लोक म्हणत आणि पुंडलिक गप्प राही. आता तो ऐंशीचा होता. रोज सकाळी काठी टेकत यायचा, ढिगाला एक चक्कर मारायचा, बकऱ्या हाकलायचा. डोळे मिटायच्या आत आपलं वावर घरासमोरच्या उतारावर अंथरलेलं पाहायचं, एवढीच त्याची इच्छा होती. गेल्या सहा वर्षांत, बायको गेल्यापासून, त्याने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

एप्रिलमध्ये मातीवाचक आला.

दिसायला ते यंत्र काहीच नव्हतं. पाण्याच्या टाकीएवढा डबा आणि त्याला लावलेली, जमिनीत खुपसायची एक पोकळ सळी. पण त्याने जे केलं ते याआधी कुणाला जमलं नव्हतं. काळ्या मातीचा कण अतिशय पातळ पापुद्र्यांचा असतो. मुळं, पानं, किडे, जनावरं, जे जे म्हणून त्या मातीत मरतं त्याच्या डीएनएचे तुकडे त्या पापुद्र्यांत अडकतात. उघड्यावर असते तर जंतूंनी ते फस्त केले असते, पण चिकणमाती त्यांना सोडत नाही. दहा वर्षं, पन्नास वर्षं, कधी कधी हजारो वर्षं ते तिथे राहतात. मातीवाचक ते तुकडे चाळीस सेकंदांत सुटे करून वाचायचा आणि त्या मातीत काय काय पिकलं, कोणती झाडं होती, कोणती गुरं फिरली ते पडद्यावर मांडायचा. तुकडे किती झिजलेत त्यावरून ती माती वरची की खोलातली तेही सांगायचा. माणसाचा डीएनए मात्र वाचायला त्याला कायद्याने मनाई होती. तो आढळला की नुसती करडी रेघ उमटे. बारीक रेघ सगळ्याच वावरांत निघे, कारण ज्या जमिनीत माणसं राबली तिथे माणूस असायचाच.

कंपनीने यंत्र घेतलं होतं ते माती जिवंत आहे की नाही याचा दाखला द्यायला. गावाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. गावाला एवढंच कळलं, की कोणतं वावर कुणाचं ते या डब्याला कळतं. दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'तलाठी' पडलं आणि डंपावर रीघ लागली.

गिरजामाय सर्वांत आधी आली. नव्वदीची बाई, दोघी सुनांनी दोन्हीकडून धरून आणलेली. "माह्या वावराच्या कोपऱ्यात बोर होती," ती म्हणाली, "गोड होती का नाही ते इचार त्याले."

"गोड-आंबट नाही सांगत ते, माय," प्रणाली हसून म्हणाली. पण पश्चिम उताराच्या तिसऱ्या पायरीवर सळी खुपसली तेव्हा पडद्यावर बोर आली, लाखोरी आली, ज्वारी आली, कोंबड्या आल्या. गिरजामायने प्रत्येक नाव ऐकून मान हलवली, ओळखीची माणसं एकेक करून घरात यावीत तशी. मग ती तिथेच बसली आणि उन्हं चढेपर्यंत उठायला तयार होईना.

सदाशिव निखाडे आला तो भांडायलाच. त्याचा आणि शेजारच्या रामाजी ढवसाचा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद होता, तो पार तालुक्याच्या कोर्टापर्यंत गेला होता. तीन हात रुंद पट्टी. तिच्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या तीळ पेरत होतो आणि ढवसाने ती नांगरून आत घेतली, हे निखाड्याचं म्हणणं. वाद चालू असतानाच दोन्ही वावरं खाणीत गेली आणि तरीही दोघं तीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. मातीवाचकाने ढवसाच्या मातीत तीळ दाखवला, भरपूर दाखवला. निखाडे टाळी वाजवून उठला. "पायलं? पायलं न? म्या म्हणतच होतो!" आणि मग इकडेतिकडे बघू लागला. ढवसाला वारून सहा वर्षं झाली होती. सांगायचं कुणाला? म्हातारा पायरीच्या काठावर खाली बसला आणि सर्वांसमोर रडला.

प्रणालीला ते दिवस फार आवडले. ऊन भाजून काढत होतं, काम रेंगाळत होतं, तरी आवडले. जवस, करडई, लाखोरी, ढेमसं, अशी नावं ती रोज मोठ्याने वाचायची आणि ऐकणारी माणसं त्या नावांवरून एकेक वावर, एकेक वाट, एकेक माणूस उभं करायची. मागे वळून न पाहिलेलं गाव तिला आता पुन्हा पाहायला मिळत होतं.

पुंडलिक मात्र यात कुठेच नव्हता. "आपलं मले माहीत आहे, यंत्राले काय इचारायचं?" असं म्हणून तो छपरीत बसून राहायचा. त्याची ढिगाची रोजची चक्करही बंद झाली होती. वय झालं, ऊन सोसत नसेल, असं प्रणालीला वाटलं.

नऊ नंबरची पाळी मेच्या पहिल्या आठवड्यात आली. वरच्या हातभर थरात अगदी अपेक्षेप्रमाणे सगळं मिळालं. लाखोरी, जवस, ज्वारी, बैल आणि आंबा. आंबा म्हटल्यावर प्रणालीला गलबलून आलं. तो आंबा तिला आठवत होता. त्याच्या फांदीला तिचा झोका असायचा आणि खाली तिची माय डोळे पुसत बसलेली असायची. काहून रडते म्हणून विचारलं तर कचरा गेला म्हणायची. मग तिने सळी खोल घातली, ढिगाच्या पोटात. पडदा बराच वेळ कोरा राहिला. नंतर आले ते कसल्याशा रानगवताचे झिजून झिजून चिंध्या झालेले तुकडे. वय काही हजार वर्षं. पीक नाही, मुळं नाहीत, मुळांशी राहणारे जंतू नाहीत. शेजारच्या रकान्यात क्षार होते, आणि त्यात सोडियमचा आकडा लाल झालेला.

तिने बारा ठिकाणी सळी घातली. नऊ ठिकाणी तेच निघालं. आजवरच्या तपासण्या वरच्या हातभरातल्याच मातीच्या होत, म्हणून हे कधी कुणाला दिसलं नव्हतं. ढिगाची निम्मी माती वावराच्या वरची नव्हतीच. ती छातीभर खोलातली पांढरट चोपण होती.

चोपण म्हणजे काय ते खैरमोडीच्या लोकांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. चांगल्या मातीत चुना असतो, तो कणांना एकमेकांशी धरून ठेवतो. चोपणीत त्याची जागा सोडियमने घेतलेली असते. पाणी लागलं की कण एकमेकांना सोडतात आणि माती ढेकूळ न राहता विरून जाते. सपाटीवर ती चिखल करून बसते. उतारावर तिच्या आतून बोगदे पडतात, वरून दिसायला सगळं ठीक आणि एका जोराच्या पावसात अख्खी पायरी खाली. खाली म्हणजे वस्तीत. चाळीस घरं होती तिथे, आणि त्यातलं पहिलं उरकुड्यांचं.

तिने नागपूरला, आपल्या वरच्या वासेकर साहेबांना फोन लावला. साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त घाईत असत.

"उरकुडे मॅडम, पाऊस किती दिवसांवर आहे?"

"पाच आठवडे, सर."

"मग? यंत्र नवीन आहे, चुकत असेल. गेल्या वर्षीचा तपासणीचा कागद पास आहे ना? तोच जोडा आणि माती पसरायला घ्या. आणि तुमच्या वडिलांचं वावर आहे ना ते? बघा, म्हाताऱ्या माणसाची इच्छाही पुरी होईल."

शेवटच्या वाक्याचा तिला राग आला, कारण ते बरोबर होतं. कागद जोडला असता तर कुणाला कळणार नव्हतं. बाबा छपरीत बसून समोर आपलं वावर पाहणार होते. कदाचित दोन-तीन पावसाळे ते टिकलंही असतं आणि तेवढे त्यांना पुरेसे होते. प्रणालीने आयुष्यात खोटा कागद केला नव्हता, पण त्या दुपारी तिने तो जुना कागद काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग तो खणात टाकला, ढिगातलं एक पांढरट ढेकूळ रुमालात बांधलं आणि घरी गेली.

पुंडलिक जेवून छपरीत खाटेवर बसला होता. तिने काचेचा ग्लास पाण्याने भरून त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला आणि ढेकूळ अलगद आत सोडलं. दोघंही बघत राहिले. ढेकळाच्या कडेने पाणी गढूळ होत गेलं आणि थोड्या वेळात अख्खा ग्लास दुधाळ झाला. ढेकूळ राहिलंच नाही.

"नऊ नंबरचं आहे," ती म्हणाली. "बाबा, आतून निम्मा ढीग असाच आहे."

पुंडलिक खाटेची सैल दोरी बोटाने चाचपत होता.

"हातभर काढायचं होतं. तुम्ही चांगले शिकलेले होते, बाकी एकाही वावरात बोटभर चूक नाही केली तुम्ही. मंग आपल्याच वावरात छातीभर खोल काहून गेले?" आवाज चढला होता तो तिलाच कळला नाही. "माती जास्त यावी म्हणून? अखं वावर नासवलं न तुम्ही! आता उतारावर टाकता येत नाही ते. वाहून जाईल. आपल्याच घरावर येईल."

"मले माहीत होतं," पुंडलिक म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"चोपण लागली तेव्हाच समजलं. पात्याचा आवाजच बदलते. सायेब वरून ओरडून राहिला होता, थांब गा, थांब. म्या नाही थांबलो." त्याने ग्लास उचलून खाली जमिनीवर, नजरेआड ठेवला. "तुह्या आधी एक होता, प्रणू. तुले मायने सांगितलं असंन."

माहीत होतं ते इतकंच, की आधी एक मुलगा झाला होता आणि तो राहिला नाही. घरात तो विषय निघत नसे.

"आठ महिन्यांचा झालता. रांगाले लागला होता. ताप आला आन दोन दिवसात गेला. एवढ्या लहान लेकराले जाळत नाहीत, पुरतात. म्या त्याले आंब्याखाली पुरलं, छातीभर खोल, कोल्ह्या-कुत्र्यानं उकरू नये म्हणून. वर एक दगड ठेवला होता. तुही माय रोज तिथं बसे." त्याने खालचा ग्लास पायाने आणखी आत सारला. "आमच्या आधी झाडं तोडणारे आले. आंबा पाडून नेला, खुंट उपटला, जमीन सपाट करून देल्ली. दगड कुठं गेला काय माहीत. म्या डोझर घेऊन गेलो त जागाच सापडेना. हातभर काढून सोडलं असतं त तो खाली राह्यला असता. मंग त्यायचं मोठं मशीन येणार, सुरुंग लागणार, आन त्याले दगडासंग उचलून डंपावर फेकणार. तुही माय घरी वाट पाहून राहिली होती. तिनं एकच सांगितलं होतं, त्याले मांगं सोडू नोका म्हणून. मंग म्या आंब्याकडचं अर्ध वावर तेवढं खोल काढलं. कुठं ना कुठं त्यात आला असंनच तो."

छपरीत ऊन आलं होतं. एकवीस वर्षं प्रणाली त्या ढिगावर ताग पेरत होती, कापत होती, तो जिवंत राहावा म्हणून पावसाळ्यात पहाटे उठून बघायला जात होती. आणि तिचा भाऊ तिथे होता. आंब्याखाली डोळे पुसणारी माय कचरा गेला म्हणायची आणि तिला ते खरं वाटायचं. आपण किती थोडं पाहिलं, असं वाटून तिला रडू फुटलं. तिने बापाच्या पायाशी बसून ते रडून घेतलं.

पुंडलिकने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "उतारावर नोको टाकू," तो म्हणाला. "म्या त्या लोकायच्या घरावर नाही येऊ देणार ते. तू तुह्या कामात खोटं नोको करू."

"मंग काय करू? दुसरी माती नाही, बाबा."

म्हाताऱ्याने विचार केला. हा विचार त्याने आधीच करून ठेवला असावा, असं तिला वाटलं. "चोपण वेगळी काढ. जे काळं आहे ते वर टाक, थोडंसं पडंन, पण टाक. आन चोपण बोडीत घाल, तळाले. आमचे जुने लोक बोडी फुटकी झाली का चोपणच आणून तुडवत. थेंब नाही झिरपत मंग."

हे खरंच होतं. जे कण उतारावर एकमेकांना सोडतात तेच सपाट तळाशी बसून बारीकातलं बारीक छिद्र बुजवतात. प्रणालीने हे पुस्तकात वाचलं होतं आणि तिच्या लक्षात आलं नव्हतं. रात्र न दवडता तिने संध्याकाळीच हिशोब जुळवून पाहिला. चांगली माती उताराला हातभर नाही, वीतभर पुरत होती. पायऱ्यांच्या कडेला दाट वाळा लावला, त्याची मुळं खोल जातात, तर वीतभरही धरून राहिली असती. फक्त ढीग सरसकट न उचलता बादली-बादली वाचून वेगळा करावा लागणार होता. तीन आठवडे.

वासेकर साहेब फोनवर बरंच बोलले. प्रणालीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, तुम्ही लेखी द्या की यंत्र चुकतंय, मी उद्या पसरते." साहेबांनी लेखी दिलं नाही. त्यांनी तीन आठवडे दिले.

काम सुरू झालं. मल्लेश नावाचा खाणीतला जुना माणूस पोकलेनवर होता. मातीवाचकाची सळी आता पोकलेनच्या बादलीलाच बसवली होती. बादली भरली की चाळीस सेकंद थांबायचं, मग प्रणालीच्या हातातल्या पडद्यावर उत्तर यायचं, 'उतार' किंवा 'बोडी'. तिने बटण दाबलं की मल्लेश त्या बाजूच्या टिप्परमध्ये रिकामी करायचा. पुंडलिक रोज येऊन पत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसे. पहिल्याच दिवशी त्याने तिला सांगून ठेवलं होतं, "सापडला त मले सांगू नोको. एकदा पुरलं म्या त्याले, एकदा उकरलं. तिसऱ्यांदा माह्याच्यानं नाही होत."

बोडीत जायच्या मातीबरोबर तोही बोडीत जाणार, पाण्याखाली, गाळाखाली, हे दोघांनाही माहीत होतं. चाळीस घरं होती, आणि दुसरी वाट नव्हती.

काळी माती वर जात राहिली, पांढरट खाली. बोडीच्या तळावर चोपण पसरून रोलर फिरला, टँकरने पाणी सोडलं आणि पातळी दोन दिवसांत बोटभरही उतरली नाही. वरच्या पायऱ्यांवर बायका वाळा लावत होत्या. गिरजामायची मोठी सून त्यात होती, निखाड्याच्या घरचे होते. लाखोरीचं बी कुणीतरी कुठून तरी मिळवून आणलं होतं आणि ते मातीत फेकायचं की नाही यावर चर्चा चालली होती. अकरा दिवस असे गेले.

बाराव्या दिवशी, दहाच्या सुमारास, बादली भरून थांबली आणि पडद्यावर करडी रेघ आली. बारीक नव्हे. बोटाएवढी जाड रेघ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिच्याखाली नेहमीचं उत्तर होतं. खोल थर, चोपण, बोडी.

भर मेच्या उन्हात प्रणाली तशीच उभी राहिली. आजूबाजूला कुणाला काहीच कळलं नव्हतं. वर बायकांची चर्चा चालू होती. सावलीत बाबा पाय लांब करून बसले होते, टोपी डोळ्यांवर ओढून.

"मॅडम?" मल्लेशने केबिनमधून विचारलं. "बोडी ना?"

एक बादली. एवढ्या मोठ्या उतारावर एका बादलीने काही बिघडत नाही, हे ती अधिकारी म्हणूनही शपथेवर सांगू शकली असती. तिने 'उतार' दाबलं. यंत्राने विचारलं, 'शिफारशीविरुद्ध. खात्री आहे?' तिने होकार दिला. यंत्राने कारण मागितलं. रकाना लहान होता, दोन-तीन शब्दांचा. प्रणालीने लिहिलं, 'घरचं माणूस.'

"मल्लेशभाऊ, ही बादली एकटीच घे टिप्परमध्ये. वरून दुसरं काही टाकू नको."

मल्लेशने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "कितव्या पायरीवर?"

"सगळ्यात वरच्या. आपली घरं दिसतात तिथं."

पोकलेनचा हात वळला. काळ्या मातीच्या टिप्परवर पांढरट मातीची बादली आली, आणि सावलीतल्या म्हाताऱ्याने टोपी वर केली. आयुष्य डोझरवर काढलेला माणूस होता तो. कोणती माती कुठे जायला हवी ते त्याला डब्याने सांगायची गरज नव्हती. त्याने बादलीकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पडद्याकडे मान खाली घालून उभी होती. पुंडलिक काठी न घेताच उठला, दोन पावलं उन्हात आला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"पोरी," तो म्हणाला, "हळू टाकाले सांग त्याले."